पाण्याच्या पातळीवरून

इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. एका उतारावरचं पाणी वैतरणा आणि भातसेच्या खोऱ्यांत जातं आणि त्यातलं बरंचसं मुंबईच्या नळाला येतं. पलीकडच्या उताराचं पाणी दारणेत उतरतं, गोदावरीला मिळतं आणि थेट बंगालच्या उपसागराची दिशा धरतं. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारा हा तालुका म्हणूनच धरणांनी भरलेला आहे. दारणा, मुकणे, भावली, भाम, ऊर्ध्व वैतरणा ही नावं नाशिककरांच्या कानावर पडतात ती बहुधा टक्क्यांसकट: अमुक धरण साठ टक्के भरलं, तमुक ओसंडून वाहू लागलं. मुंबई-पुण्याकडचा पर्यटक याच पाण्याच्या काठावर येतो, धुक्यात फोटो काढतो, गरम भजी खातो आणि घाट उतरून परत जातो. पाण्यात काय राहतं, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही.

तो प्रश्न पडलेल्यांसाठी पुढची पानं आहेत. विषय आहे जाणत्या वाटाड्याबरोबर कयाकमधून वन्यजीव पाहण्याचा. सह्याद्रीतल्या धरणांकाठी भरणाऱ्या कॅम्पांमुळे कयाक आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या त्या होड्या तंबूंशेजारी पालथ्या घातलेल्या दिसतात, आणि तासाच्या भाड्यानं मिळतात. त्यातून पक्षी पाहायचे असतात, हे मात्र भाडं घेणाऱ्याला माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही.

कयाकचा जन्म खरं तर शिकारीसाठी झाला. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांनी वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा बांधला, त्यावर सीलचं कातडं ताणून बसवलं आणि एका माणसापुरती अरुंद, हलकी, आवाज न करणारी नाव तयार केली. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं हे तिचं वैशिष्ट्य. त्यामुळे बाजू बदलायला लागत नाही आणि हालचाल कमीत कमी होते. सील किंवा पाणी ओलांडणारे रेनडियर यांच्या अगदी जवळ, त्यांना चाहूल न लागता पोचणं हेच तिचं काम. युरोपात ही कल्पना हौसेची झाली ती जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलामुळे. 1865 मध्ये त्यानं अशाच धर्तीची ‘रॉब रॉय’ नावाची नाव बांधून युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या आणि पुढच्याच वर्षी प्रवासवर्णन छापलं. आज कॅम्पात मिळणारी प्लास्टिकची नाव त्या कातडी नावेची लांबची नात आहे, आणि आजीचा गुण तिच्यात पुरेपूर उतरला आहे. ती चोरपावलांनी जवळ जाते.

याच गुणामुळे कयाकमधून वन्यजीव पाहणं इतकं विलक्षण वाटतं. बसणाऱ्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर असतात. काठावरून पाहताना टिबुकली म्हणजे पाण्यावरचा एक तपकिरी ठिपका. कयाकमधून तीच टिबुकली समोर, आपल्याच पातळीवर असते. बुडी मारण्याआधी ती पिसं अंगाशी आवळून घेते, शरीर बारीक करते आणि पाण्यावर जवळजवळ वलयही न उमटवता नाहीशी होते. ती कुठं वर येणार याचा अंदाज दर वेळी चुकतो. खंड्या काठाकाठानं नावेच्या पुढं पुढं उडतो, एका फांदीवरून पुढच्या फांदीवर. शेवटी त्याच्या हद्दीचा काठ संपला की एक मोठा वळसा घेऊन नावेच्या मागं परततो. नवख्याला वाटतं, पक्षी वाट दाखवतोय. वाटाड्याला माहीत असतं की आपण त्याला हुसकत चाललो होतो.

इथं कायदा आठवावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती नाही. प्राण्याला हाकणं किंवा आमिष दाखवणं त्यात येतं. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी वा घरटी विचलित करणंही येतं. कयाक घेऊन टिबुकलीच्या तरंगत्या घरट्याशी पाच मिनिटं फोटोसाठी थांबणारा हौशी माणूस कायद्याच्या नजरेत कुठं उभा आहे, याचा विचार त्यानंच करावा. टिबुकली घरटं सोडताना अंड्यांवर ओल्या पाणवनस्पती घाईघाईनं ओढून घेते. वरून पाहणाऱ्या घारीला तो कुजक्या पाल्याचा ढिगारा वाटावा, यासाठी ही तजवीज. पण नाव तिथंच रेंगाळली तर ती परत येत नाही, आणि अंडी उबेवाचून पडून राहतात.

इगतपुरीच्या पाण्यामागं गेलं तर ही गोष्ट तालुक्याबाहेर जाते, आणि जायलाच हवी. दारणा उगम पावते कुळंगच्या डोंगरांत. तिच्यावर इगतपुरी तालुक्यातल्या नांदगावजवळ इंग्रजांनी धरण बांधलं. 1916 मध्ये पूर्ण झालेल्या या जलाशयाला सरकारी कागदांत ‘लेक बील’ असं नाव होतं. हे धरण एकटं नव्हतं. योजना अशी की, वर घाटात पाणी साठवायचं, नदीतून खाली सोडायचं, आणि निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमापाशी बांधलेल्या बंधाऱ्यावर ते अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचं. तो बंधारा म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. निफाड, येवला, कोपरगाव, राहाता या पट्ट्यातली बागायत या दोन कालव्यांवर उभी राहिली.

बंधारा बांधणाऱ्यांच्या हिशेबात पक्षी नव्हते. गाळही बहुधा इतका नव्हता. दर पावसाळ्यात गोदावरी, दारणा आणि कादवा यांनी वाहून आणलेली माती बंधाऱ्यामागं बसत गेली. पाणी साठवायची जागा आक्रसत गेली, बेटं वर आली, उथळ पाण्यात लव्हाळे आणि पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीनं ही तोट्याची बाब. बदकांच्या दृष्टीनं मात्र ही मेजवानी. ढोपरभर पाणी, खाली चिखल, चिखलात किडे आणि गोगलगाई, आजूबाजूला गहू-हरभऱ्याची शेतं. खोल, स्वच्छ, निळ्याशार धरणात इतके पक्षी कधीच जमत नाहीत. पाय टेकायला आणि चोच खुपसायला त्यांना उथळ पाणी लागतं. 1986 मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं. 2020 च्या जानेवारीत ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं, आणि महाराष्ट्राला आपलं पहिलं रामसर स्थळ मिळालं. ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ ही ओळख त्याला त्याच्या कितीतरी आधी चिकटलेली होती.

हिवाळ्यात इथल्या मनोऱ्यावर उभं राहिलं की पक्ष्यांच्या मराठी नावांचा अर्थ डोळ्यांनी कळतो. काळ्या अंगावर पांढरा टिळा लावून शेकड्यांनी दिंडीसारखे चाललेले ते वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी तांबडा ठिपका असलेलं ते हळदी-कुंकू बदक. पाणी थापटत, चोचीनं गाळून खाणारा तो थापट्या. उंच गुलाबी पायांवरचा शेकाट्या, शेपटीला लांब टोक काढलेलं तलवार बदक, शिंपले फोडणारा मुग्धबलाक, वरून घिरट्या घालून सगळ्यांची एकदम पळापळ करणारा दलदली भोवत्या. दोनशेहून अधिक जातींची इथं नोंद आहे. सस्तन प्राण्यांच्या यादीत पाणमांजरही आहे.

सगळ्यात दुर्मीळ रहिवासी मात्र कुणाच्याच दुर्बिणीत येत नाही. तो बोटभर लांबीचा मासा आहे. सुंदर लाल होरा आणि मिश्रा यांनी 1938 मध्ये देवळालीजवळच्या दारणेतून त्याची नोंद केली आणि मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्या नावावरून त्याला ‘पॅरासिलोऱ्हिंकस प्रेटेरी’ असं शास्त्रीय नाव दिलं. इंग्रजीत त्याला देवळालीच्याच नावानं ओळखतात. तोफखान्यासाठी आणि सॅनिटोरियमांसाठी प्रसिद्ध असलेल्या देवळालीच्या नावाचा मासा जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या रकान्यात आहे, हे देवळालीत तरी किती जणांना ठाऊक असेल! नांदूर मध्यमेश्वरला रामसरचा मान देतानाही या माशाचा उल्लेख झाला. वाघ-बिबट्याच्या पलीकडे वन्यजीव असतो, हे सांगायला एवढा पुरावा पुरे.

आता खरा मुद्दा. या अभयारण्यात पर्यटकानं पक्षी पाहायचे ते मनोऱ्यांवरून, काठावरून आणि स्थानिक गाईडच्या दुर्बिणीतून. कयाक उतरवण्याची ही जागा नव्हे, आणि तसंच असावं. उथळ पाण्यात मोटरबोट शिरत नाही, कयाक शिरते. जिथं आजवर माणूस पोचत नव्हता म्हणून पक्षी निर्धास्त होते, नेमक्या तिथं ती पोचते. आवाज नाही म्हणून त्रास नाही, ही समजूत भाबडी आहे. पक्ष्याला आवाजापेक्षा दिसणारी आकृती आणि तिचा रोख महत्त्वाचा वाटतो. शांतपणे, सरळ रेषेत, आपल्याकडेच येणारी वस्तू म्हणजे त्याच्या लेखी शिकारी, आणि कयाकचा इतिहास पाहता त्याचं काही चुकत नाही. वारकरी उडताना पाण्यावरून लांबवर धावतो, पंखांपेक्षा पायांनी जास्त. हजारो मैल उडून आलेल्या, परतीसाठी चरबी साठवणाऱ्या बदकाला दिवसातून चार वेळा उठवलं तर साठवणीचा हिशेब बिघडतो.

मग पाहायचं कुठं? महाराष्ट्रात याची दोन-तीन चांगली उत्तरं आधीच तयार आहेत. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा भिगवण, डिकसळ, कुंभारगावच्या बाजूला उथळ होत जातो. पाणी ओसरलं की मोकळ्या झालेल्या गाळपेर जमिनीत लोक पिकं घेतात आणि पाण्याच्या कडेला रोहित पक्षी उतरतात. इथले मच्छीमारच पर्यटकांना होडीतून नेतात. आधी जाळी टाकणारे हात आता वल्ही मारतात आणि पक्ष्यांची नावं सांगतात. यातले जाणते नावाडी थव्यापासून बऱ्याच अंतरावर होडी थांबवतात. मात्र थवा उडाल्याचा गुलाबी फोटो हवा म्हणून त्यांना आणखी पुढं रेटणारे, वर दोन नोटा पुढं करणारे कॅमेरेवाले दर मोसमात येतात. नावाड्याला नकार देणं परवडावं, इतका त्याचा दर आधीच ठरलेला असला पाहिजे.

दुसरं उदाहरण वेंगुर्ल्याचं. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला 2017 पासून कांदळवनाची सफर घडवतात. मासेमारी कुटुंबांतल्या या बायका स्वतः होडी वल्हवतात, चिप्पी आणि तिवराची झाडं ओळखायला शिकवतात, मुळांवर चढणारे खेकडे आणि चिखलात उड्या मारणारे मासे दाखवतात. सिंधुदुर्गात कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या प्रकल्पातून हे उभं राहिलं. ठाण्याच्या खाडीत ऐरोलीहून निघणारी रोहित सफर मोटरबोटीची आहे आणि तिचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. गोव्यात चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं. कांदळवनातल्या अरुंद वाटांमध्ये छोट्या नावेचा खरा उपयोग तिथं कळतो. जवळच्याच कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, म्हणून तिथं माणसं पाहायला जातात ती मोठ्या होडीतून. फोंड्याकडच्या दुर्भाट गावचे शेतकरी पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. शेजाऱ्याशी कसं वागायचं, हे त्यांनी पर्यटनाच्या कितीतरी आधी ठरवून टाकलंय.

बाहेरच्या जगाचा अनुभवही उपयोगी आहे. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे परिसरातली एल्कहॉर्न स्लू ही खाडी समुद्री पाणमांजरांसाठी प्रसिद्ध, आणि कयाक सफरींसाठीही. तिथं साधा दंडक सांगितला जातो: पाणमांजर आणि आपण यांच्यात कयाकच्या लांबीच्या पाचपट अंतर हवं. फूट-मीटर कुणाला डोळ्यांनी मोजता येत नाहीत. नावेची लांबी प्रत्येकाला दिसते. थंड पाण्यात ऊब टिकवण्यासाठी या प्राण्याला सतत खावं लागतं. जागं करून पळवलं की तेवढी ऊर्जा वाया जाते. आपल्या धरणांवर असा नियम रंगवून लावायला एका पाटीचा खर्च येईल. त्याच किनाऱ्यावर, अव्हिला बीचजवळ, नोव्हेंबर 2020 मध्ये एक कुबड्या देवमासा छोट्या माशांच्या थव्यावर तोंड उघडून वर आला आणि त्याच्या जबड्याच्या कडेत कयाकसह दोन बायका सापडल्या. क्षणभरात तो पाण्याखाली गेला, दोघी सुखरूप वर आल्या. मासे उसळताना दिसले, पक्षी एकाच जागी तुटून पडले, की ते दुसऱ्या कुणाचं जेवणाचं ताट आहे हे ओळखून बाजूला राहायचं असतं. ही ओळख वाटाड्याकडे असते, पाहुण्याकडे नसते.

वाटाड्याचं काम म्हणूनच वल्हवण्यापेक्षा थांबण्याचं जास्त आहे. तो पक्ष्याच्या मानेकडे पाहत असतो. चरणारं बदक मान वर करतं, ही पहिली सूचना. चरणं थांबतं, ही दुसरी. ते पोहत दूर सरकायला लागलं की तिसरी, आणि इथं वल्हं आडवं ठेवून नाव वाऱ्यावर सोडायची असते. जाणता माणूस थव्याकडे सरळ जात नाही. तिरका, काठाला धरून, जणू दुसरीकडेच निघाल्यासारखा जातो. वल्ह्याचं वर उचललेलं ओलं पातं उन्हात चमकतं आणि दूरवर पंख फडफडल्यासारखं दिसतं, म्हणून तो पातं खांद्याच्या वर जाऊ देत नाही. पाठीशी सूर्य ठेवतो. पाहुण्यांना रंगीत जॅकेट घालूच नका असं मात्र तो म्हणत नाही. लाइफ जॅकेट भडक असणंच बरं. माणूस पाण्यात पडला तर तो लांबून दिसला पाहिजे.

इगतपुरी तालुक्याचा विचार केला तर ऋतूंची गणितं वेगळी आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये धरणं भरतात, दरवाजे कधीही उघडतात, आणि याच काळात प्रशासन धबधबे-धरणांवर निर्बंध घालतं. तेव्हा कयाक पाण्यात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. ऑक्टोबरपासून पाणी स्थिरावतं. सकाळचे पहिले दोन तास आरशासारखे. दुपारी घाटातून वारा वर चढला की लाटा उठतात आणि परतीचा प्रवास हातांना कळतो. पुढं आवर्तनं सुटू लागतात, पाण्याची पातळी टप्प्याटप्प्यानं उतरते आणि काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. पक्षी त्या पट्ट्यावर येतात. म्हणजे पक्ष्यांचं वेळापत्रक निम्मं सैबेरियात ठरतं आणि निम्मं पाटबंधाऱ्याच्या कचेरीत. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा दर दुष्काळात भांडतात. ते पाणी वाटेत नांदूर मध्यमेश्वरमधून जातं, आणि खाली पोचतं तो जायकवाडीचा नाथसागरही पक्षी अभयारण्यच आहे. या वादात वारकऱ्यांची बाजू मांडणारं कुणी नसतं.

उन्हाळ्यात एक जादा काळजी लागते. पाणी उतरलं की धरणांमध्ये मातीची-खडकाची बेटं वर येतात. कयाकवाल्यांना ती चहाला थांबायला फार आवडतात. नदी सुरय हा काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा देखणा पक्षी मार्च ते मे या काळात असल्याच उघड्या बेटांवर अंडी घालतो. घरटं म्हणजे मातीतला एक खळगा. अंडी दगडगोट्यांच्या रंगाची, त्यामुळे पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. पाय पडला नाही तरी भर दुपारी पक्षी उठून गेला की उन्हात अंडी भाजून निघतात. जागतिक पातळीवर ही जात आता ‘असुरक्षित’ गणली जाते. डोक्यावर कलकलाट करत सुरय झेपावू लागला की ते स्वागत नसतं. नाव वळवायची.

एक जाता जाता: नाशिक जिल्ह्याला वल्ह्याचं वावडं नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगच्या एकेरी शर्यतीत भारताकडून उतरलेला आणि तेरावा आलेला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, म्हणजे टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या दुष्काळी पट्ट्यातला. इगतपुरीच्या धरणांकाठची महादेव कोळी, ठाकर मुलं तर पाण्यातच वाढतात. ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावणारे बाप त्यांनी रोज पाहिलेले असतात. कुठल्या खाचेत पाणमांजराची विष्ठा दिसते, कुठल्या वाळलेल्या झाडावर पाणकावळे पंख वाळवतात, हे त्यांना पाठ असतं. वाटाड्या म्हणून पगारावर मात्र बहुतेक वेळा शहरातून आलेला, चांगलं इंग्रजी बोलणारा मुलगा ठेवला जातो आणि गावातला पोरगा कयाक उचलायला. ही विभागणी उलटी केली तर सफरीचा दर्जा एका मोसमात बदलेल, असं या प्रस्तावनेचं ठाम मत आहे.

पुढच्या प्रकरणांमध्ये नाव निवडणं, वल्ह्याची पकड, उलटल्यावर पुन्हा चढणं, हिवाळी पक्ष्यांची ओळख आणि परवानग्या असा क्रम आहे. वाचकानं वाटलं तर तो मोडावा आणि परवानग्यांपासून सुरुवात करावी. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं, काठचं जंगल वनविभागाच्या, आणि अभयारण्याच्या हद्दीत पाय ठेवायलाही वनविभागाची परवानगी लागते. पैसे भरण्याआधी सफर नेणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: उतरण्याची परवानगी कुणाची आहे, पक्ष्यांपासून किती अंतरावर थांबणार, आणि पक्षी दिसले नाहीत तर काय करणार. तिसऱ्या प्रश्नाला जो ‘दाखवतोच साहेब, गॅरंटी’ म्हणेल, त्याच्या नावेत बसू नये.